रेशनकार्डावर अकरा, जेवायला चार

(या भागाचा लिहून काढलेला मजकूर. ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी. बोलण्यातली वाक्यं फार साफसूफ केलेली नाहीत.)



आज सुरुवात आमच्या घरच्या रेशनकार्डापासून करतो. आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. कार्डावर नावं आहेत अकरा. आणि रात्री घरात ताटं वाढली जातात चार. आजी, आई, वडील आणि चुलती. बाकीचे कुठं गेले? चुलतभाऊ हडपसरला, त्याची बायको आणि दोन पोरं तिथंच. बहीण लग्न होऊन इंदापूर तालुक्यात गेली, तिचं नाव कमी करायचं राहूनच गेलंय. धाकटा भाऊ पिंपरीला. आणि अकरावा मी. मी राहतो शिरूर तालुक्यात, शिक्रापूर-सणसवाडी पट्ट्यातल्या एका गावात, दहा बाय बाराच्या खोलीत, अजून दोघांबरोबर.

आता त्या खोलीचं सांगतो. चाळ आहे, खाली-वर मिळून चौदा खोल्या, वरच्या मजल्याला पत्रा. माझ्या हिशेबानं चाळीसेक माणसं. लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं, दोन खोल्या बिहारच्या मुलांच्या, एका खोलीत ओडिशाचं जोडपं आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी, जी आता माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलते. या चाळीसपैकी या गावच्या मतदार यादीत किती जण? एकही नाही. मालकाचं नाव आहे, पण मालक चाळीत राहत नाही.

तर प्रश्न असा आहे, की मी कुठला? भावनेचा प्रश्न नाही हा. भावनेनं मी दौंडचाच. मी हिशेबाचं विचारतोय. पाण्याची टाकी किती लिटरची बांधायची, अंगणवाडी किती, दवाखान्यात नर्स किती, हे ठरवताना मला कुठल्या गावात धरायचं?

हे आत्ता विचारायचं कारण, जनगणना. २०२१ ला व्हायची होती, कोरोनात पुढं गेली, आणि गेली ती गेलीच. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होत आलेली गोष्ट पहिल्यांदा चुकली. आता नवीन ठरलंय. पहिला टप्पा घरांच्या यादीचा, २०२६ मध्ये. आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीला देशात किती माणसं होती, तो आकडा. बातम्यांमध्ये सगळी चर्चा जातीच्या रकान्याची चाललीय, आणि ती व्हायलाच पाहिजे, १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जाती मोजल्या जाणार आहेत. पण आपल्या दोन तालुक्यांपुरतं बोलायचं तर अजून एक भानगड आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

थोडे आकडे सांगतो. कंटाळू नका, मोजकेच आहेत.

२००१ च्या जनगणनेत दौंड तालुक्यात माणसं होती ३,४१,३८८. शिरूरमध्ये ३,१०,५९०. म्हणजे दौंड तीस हजारांनी मोठा. २०११ ला दौंड झाला ३,८०,४९६ आणि शिरूर ३,८५,४१४. शिरूर पुढं गेला. दहा वर्षांत शिरूर वाढला २४ टक्क्यांनी, दौंड साडेअकरा टक्क्यांनी. आणि अख्खा महाराष्ट्र वाढला होता साधारण १६ टक्के.

आता इथं जरा थांबा, कारण यात मजा आहे. लोकसंख्या वाढते दोन रस्त्यांनी. एक, जन्म जास्त आणि मृत्यू कमी. दुसरा, माणसं बाहेरून येणं. त्या काळात महाराष्ट्रात हजार माणसांमागे वर्षाला सतरा ते वीस जन्म आणि सहा-सात मृत्यू असा हिशेब होता. म्हणजे कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, तरी दहा वर्षांत कुठलाही तालुका ढोबळमानानं अकरा-बारा टक्के वाढायला हवा. दौंड बरोबर तेवढाच वाढला. म्हणजे दौंडमध्ये जेवढे आले तेवढेच गेले. शिरूर त्याच्या दुप्पट वाढला, म्हणजे शिरूरची निम्मी वाढ पाळण्यातून आलेली नाही. ती एसटीतून, ट्रेनमधून, टेम्पोत भांडी-गादी टाकून आली. पस्तीस-चाळीस हजार माणसं, फक्त त्या दहा वर्षांत. हिशेब माझा आहे आणि ढोबळ आहे, कॅल्क्युलेटर काढून तुम्हीही करून बघा. (आणि वेल्हे तालुका त्याच दहा वर्षांत ५५,८७४ वरून ५४,५१६ वर आला. म्हणजे कमी झाला. पुणे जिल्ह्यात. त्याच्यावर वेगळा भाग करायचाय.)

आणि हे २०११ चं. नंतरची पंधरा वर्षं तर कोणी मोजलेलीच नाहीत.

शिरूर का वाढला हे नगर रोडनं एकदा सकाळी सात वाजता गेलात की कळतं. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, मग रांजणगाव. रांजणगावची पंचतारांकित एमआयडीसी १९९० च्या दशकातली. फियाट, व्हर्लपूल, एलजी अशा मोठ्या कंपन्या, त्यांच्यामागं त्यांना सुटे भाग देणाऱ्या शेकडो लहान कंपन्या, आणि त्यांच्यामागं कंत्राटदार. लेबर लागतं. कंपनी जमीन घेते, शेड बांधते, पण कामगार कुठं झोपणार हे कंपनी बघत नाही. ते गावानं बघितलं. ज्याच्याकडे रोडलगत चार गुंठे होते त्यानं खोल्या काढल्या. शेती करायला पाऊस लागतो, खोल्यांना लागत नाही. साधं गणित होतं आणि मी त्यात कोणाला दोष देत नाही, कारण त्या खोल्या नसत्या तर मी रोज गावावरून किती अपडाऊन केलं असतं?

दौंडचं वेगळं. दौंड हे खरं तर बाहेरच्या माणसांचं जुनं ठिकाण. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे झाली आणि हे जंक्शन झालं. रेल्वेच्या नोकरीला कुठून कुठून लोक आले, दौंड शहरात त्यांची वस्ती झाली. नंतर राज्य राखीव पोलीस दलाचे गट आले. एसआरपीच्या लायनीत वाढलेली पोरं ऐकत असतील तर त्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांच्या वर्गात निम्म्या महाराष्ट्राच्या बोल्या असायच्या.

आणि केडगाव. केडगावच्या मुक्ती मिशनजवळून आपण शंभर वेळा गेलोय, पण ते तिथं कसं आलं हे मला कॉलेजला जाईपर्यंत माहीत नव्हतं. १८९६-९७ चा दुष्काळ. पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. पुण्यात जागा पुरेना म्हणून केडगावला जमीन घेतली होती तिथं वस्ती उभी केली. मग १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून मुली आल्या. ऐन भरात तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. त्या काळच्या केडगावच्या मानानं दोन हजार म्हणजे किती! विहिरी खणल्या, छापखाना चालवला, विणकाम, शेती, गाई. ज्या मुलींना त्यांच्या स्वतःच्या मुलखात कोणी मोजत नव्हतं त्या दौंडच्या माळावर येऊन हाताला काम घेऊन राहिल्या. रमाबाई १९२२ मध्ये तिथंच गेल्या.

हे मी का सांगतोय? कारण आपल्याकडं 'बाहेरचे' हा शब्द फार सहज येतो. 'गाव चांगलं होतं, बाहेरचे आले.' मी दौंडचा, इथं शिरूरमध्ये मीही बाहेरचाच, फक्त माझी भाषा जुळते म्हणून मला कोणी बोलत नाही. आणि जनगणनेच्या व्याख्येनं बघायचं तर ज्याचं आधीचं राहण्याचं ठिकाण दुसरं, तो स्थलांतरित. म्हणजे गावातली प्रत्येक सून, जी दुसऱ्या गावावरून आली, ती स्थलांतरित. भारतात बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच आहे. तेव्हा 'बाहेरचे' म्हणायच्या आधी घरात आईकडं एकदा बघा.

बरं. आता आकडा जुना राहिला तर बिघडतं काय, ते बोलू.

एक. ग्रामपंचायतीत सदस्य किती हे लोकसंख्येवर ठरतं. लहान गावाला सात, मग नऊ, अकरा, असं वाढत जाऊन जास्तीत जास्त सतरा. साडेसात हजारांच्या पुढं गेलात की सतरा, मग गाव दहा हजारांचं असो की चाळीस हजारांचं. आणि लोकसंख्या कुठली धरायची? शेवटच्या जनगणनेची. म्हणजे २०११.

दोन, पैसा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी तुम्ही ग्रामसभेत ऐकला असेल, २०२०-२१ पासून २०२५-२६ पर्यंतचा. तो वाटताना मुख्य आधार लोकसंख्या, आणि तीही २०११ ची. त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला. आता गंमत बघा. समजा एका गावात २०११ ला पाच हजार माणसं होती आणि आज वीस हजार राहतात. पैसा आला पाच हजारांच्या संडास-पाण्याचा. वापर वीस हजारांचा. कचरा वीस हजारांचा. ओढ्याला जाणारं सांडपाणी वीस हजारांचं. मग सरपंच कोणीही असो, गटार तुंबणारच. आपण सरपंचाला शिव्या देतो. कधी कधी त्या बरोबरही असतात, पण प्रत्येक वेळी नाही.

अशा गावात कंपन्यांचा कर मिळतो, हे खरंय. पण खोल्यांचं काय? खोल्या बांधल्या की ग्रामपंचायतीच्या आठ नंबरला नोंद करायची आणि घरपट्टी भरायची. चौदा खोल्या असतात, नोंदीला एक घर असतं. का ते सांगायला नको.

तीन, दवाखाना. सरकारी मोजमाप असं की सपाटीच्या भागात तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र. ज्यांची मोजणीच नाही ते त्या तीस हजारांत नाहीत. पण ताप आला की ते रांगेत असतात.

उलटी बाजू आमच्या गावची. तिथं कागदावर माणसं आहेत, शाळेत पोरं नाहीत. महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी मुलं १.७, हा २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. त्यात तरुण जोडपी हडपसर-पिंपरीला. आमच्या वस्तीवरच्या शाळेत मी होतो तेव्हा पहिलीत बसायला जागा नसायची. आता चारही वर्ग एका खोलीत बसतात आणि खोली भरत नाही. वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं अशी चर्चा निघाली की आमचं अख्खं गाव घाबरतं.

आता एक तिसरी माणसं आहेत, जी या दोन्ही बाजूंत बसत नाहीत. दौंड-शिरूर हा उसाचा पट्टा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात. बीड, नगर, जालना या बाजूंनी. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, कोयता म्हणतात जोडप्याला. फडाच्या कडेला कोप्या टाकतात आणि हंगाम संपेपर्यंत, मार्चच्या आसपास, इथंच. त्यांची पोरं इथंच, कधी कधी बाळंतपणही इथंच. आणि जनगणना असते कधी? फेब्रुवारीत. बरोबर हंगामात.

२०११ ला नियम असा होता: मोजणीचे दिवस ९ ते २८ फेब्रुवारी. माणूस त्यातला काही काळ तरी आपल्या नेहमीच्या घरी असेल, तर तिथं मोजायचा. पण ते सगळेच्या सगळे दिवस बाहेर असेल, तर जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे ऊसतोडीचं कुटुंब अख्खा फेब्रुवारी दौंडच्या फडात असेल, तर नियमानं ते दौंडमध्ये मोजायला हवं. मोजलं जातं का, हा दुसरा प्रश्न. कोपी आज या फडात, आठ दिवसांनी पाच किलोमीटर पुढं. त्यांच्या गावी प्रगणक जातो तेव्हा म्हातारी सांगते, 'पोरं उसाला गेलीत, लिवा त्यांची बी नावं.' तिला वाटतं नाव गेलं तर काहीतरी बुडेल. आमच्या आजीलाही तसंच वाटतं.

कोपीवरून एक आठवलं. विषय जरा लांबचा आहे पण आपल्याच तालुक्यातला, म्हणून सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. सापडलं काय, तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. शंभरावर घरं. पुराचं पाणी शेतीकडं वळवायला पाट आणि बांध. लहान मुलं दगावली तर घराच्या जमिनीखालीच दोन रांजणांत ठेवून पुरायचे. घरं मोजून, धान्याचे जळके दाणे मोजून, हाडं मोजून त्या लोकांनी एका गावाची हजार वर्षांची हकीकत लावली. सुरुवातीला ऐसपैस चौकोनी घरं होती. मग इसवी सनापूर्वी हजारच्या पुढं घरं लहान झाली, गोल झोपड्या आल्या, शेती कमी आणि जनावरांवर जगणं जास्त. उत्खनन करणाऱ्यांनी कारण दिलं ते पाऊस कमी झाल्याचं. इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपास गाव उठलं. मी ते वाचलं तेव्हा मला फडावरची कोपी डोळ्यांसमोर आली. दुष्काळ, फिरस्ती, गोल झोपडी.

मेलेली माणसं इतक्या काळजीनं मोजली गेली त्याच तालुक्यात जिवंत माणसं काळजीनं मोजण्याचंही एक काम चालू आहे, आणि ते जगभरच्या आरोग्य संशोधकांना माहीत आहे, फक्त आपल्याला नाही. वढू बुद्रुक. आपण वढूला जातो ते संभाजी महाराजांच्या समाधीला. तिथंच पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण काम आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी ते १९७० च्या दशकात सुरू केलं. शहरातल्या हॉस्पिटलच्या बाई, पण त्यांना कळलं होतं की बाळंतीण अडली की पुण्याला पोचेपर्यंत उशीर होतो, म्हणून गावातल्याच माणसांना आरोग्याचं शिकवून तयार करायचं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग २००२ पासून केईएमच्या संशोधन केंद्रानं शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत एक पद्धत चालू केली. दर सहा महिन्यांनी प्रत्येक घरी माणूस जातो. कोण जन्मलं, कोण वारलं आणि कशानं, कोणाचं लग्न झालं, कोण नवीन राहायला आलं, कोण सोडून गेलं. गावकरी की भाडेकरू, हा भेद नाही. घर तर घर, खोली तर खोली. दहा वर्षांनी एकदा नाही, वर्षातून दोनदा.

आता म्हणाल, मोजून उपयोग काय? एक उदाहरण देतो. लहान बाळांना जुलाबाचा जीवघेणा आजार करणारा रोटाव्हायरस. त्याच्यावरची भारतात तयार झालेली लस, रोटावॅक. तिची मोठी चाचणी तीन ठिकाणी झाली: दिल्ली, वेल्लोर आणि आपलं वढू. सहा हजारांच्या वर बाळं होती तिन्ही ठिकाणची मिळून. लस चालते का हे ठरवायचं तर बाळ कुठं जन्मलं, कुठं राहतं, कधी आजारी पडलं, हे सलग माहीत पाहिजे. जिथं घर न घर नोंदीला आहे, तिथंच हे काम नीट होतं. २०१६ पासून ती लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आली. लाखो बाळांना ते थेंब मिळाले, आणि त्याच्या मुळाशी कोरेगाव-वढूकडच्या आयांनी दरवाजा उघडून दिलेली उत्तरं आहेत.

त्यामुळं 'खोल्यांमधली माणसं मोजताच येत नाहीत, आज आहेत उद्या नाहीत' असं कोणी म्हणालं की मला वढू आठवतं. याच नगर रोडच्या पट्ट्यात, याच चाळींमध्ये, वीस वर्षांच्या वर ते मोजलं जातंय. येतं मोजता. परत परत जावं लागतं, एवढंच.

पण जनगणनेचा प्रगणक परत परत येऊ शकत नाही. तो शाळेतला मास्तर असतो, नाहीतर ग्रामसेवक. त्याच्या वाट्याला सात-आठशे माणसांचा भाग. तो येणार दिवसा. आणि दिवसा आमच्या चाळीत काय दिसतं? फर्स्ट शिफ्टवाले कंपनीत, सेकंड शिफ्टवाले मेसला, नाइटवाले आतून कडी लावून झोपलेले. चौदापैकी नऊ दारांना कुलूप. मग प्रगणक मालकाला विचारणार. आणि मालक सांगणार, 'आहेत चार-पाच पोरं.' कारण मालकाला वाटतं, खरं सांगितलं की घरपट्टी वाढली, पोलीस चौकीतून भाडेकरूंचे कागद मागितले, वीज बिलाचा दर बदलला.

हे वाटणं चुकीचं आहे, आणि हे आपण मालकांना सांगायला पाहिजे. १९४८ चा जनगणना कायदा आहे, त्याचं कलम १५. जनगणनेत दिलेली माहिती गुप्त. कर लावायला, पोलिसांना द्यायला, कोर्टात पुरावा म्हणून वापरायला ती देता येत नाही. आकडा बाहेर येतो, नाव येत नाही.

आणि दुसरी भीती आपली, पोरांची. 'इथं नाव दिलं तर गावाकडचं जाईल.' नाही जात. जनगणनेचा रेशनकार्डाशी संबंध नाही, मतदार यादीशी नाही, सातबाऱ्याशी नाही, जातीच्या दाखल्याशी नाही. तो रहिवासाचा पुरावाही नाही. ती फक्त मोजणी आहे. पण गावी आईनंही नाव सांगितलं आणि इथं तुम्हीही सांगितलं, तर माणूस दोनदा मोजला गेला. आणि आईनं सांगितलंय म्हणून तुम्ही इथं गप्प बसलात, तर तुम्ही जिथलं पाणी पिता तिथं मोजले गेला नाहीत. तेव्हा घरी फोन करा आणि आईला आधीच सांगून ठेवा. मी माझ्या आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, 'म्हंजी तू आता आमचा न्हाईस?' अर्धा तास गेला समजावण्यात. अजून तिला पटलेलं नाही.

यावेळी एक सोय आहे जी आधी नव्हती. स्वतःची माहिती स्वतः मोबाइलवरून भरता येणार आहे. प्रगणक यायच्या आधी काही दिवस पोर्टल उघडतं, तुम्ही भरता, एक क्रमांक मिळतो, तो प्रगणकाला द्यायचा. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसासाठी याच्यासारखं काही नाही. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांकडं फोन आहे, तो आत्ताही हातातच असेल. पण तुमच्या शेजारच्या खोलीत ज्याला मराठी वाचता येत नाही त्याचं काय, फडावरच्या कोपीतल्या बाईचं काय, ते बघा. एका रविवारी दोन तास बसलात तर अख्खी चाळ होते.

मी मागच्या रविवारी आमच्या चाळीत हा विषय काढला. बिहारच्या पोरांपैकी एकजण म्हणाला, 'भैया, मेरा नाम तो गाँव में है.' मी म्हटलं, किती दिवस झाले गावी जाऊन? म्हणाला, चौदा महिने. ओडिशाच्या बाईनं विचारलं, मुलीचं नाव इथं घालता येईल का? ती तर इथंच जन्मलीय. मी म्हटलं, तिचंच सगळ्यात आधी.

मग मालक आले भाडं घ्यायला. त्यांनाही सांगितलं, कलम १५ वगैरे सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वरच्या मजल्याकडं बघितलं, आणि म्हणाले, 'चाळीस हायत व्हय रं तुम्ही? मला वाटलं, तीस-बत्तीस.' मग जाता जाता म्हणाले, टँकर एक जास्त का लागतोय ते आज कळलं.

तुमच्या गावात, तुमच्या चाळीत काय चित्र आहे ते मला पाठवा, मजकूर नको असेल तर व्हॉइस नोट पाठवा. वेल्ह्याचे कोणी ऐकत असाल तर जरूर बोला, पुढचा भाग तिकडचाच करतोय. भेटू.